चार नंबरची सेवा

हवामान सांगणाऱ्या दहा वेबसेवा. त्यांतली सगळ्यांत झटपट उत्तर देणारी कोणती हे ओळखायचं आणि लोकांचे प्रश्न तिच्याकडेच वळवायचे, एवढाच माझा प्रोग्राम. त्यावर मी दोन वर्षं घालवली. त्यावरचा संशोधन-पेपर स्वीकारला गेला होता, शुक्रवारी कायमच्या नोकरीची मुलाखत होती, आणि तो पेपर सोडला तर माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं.

बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या शंकासुराने मान वर केली. नाव वेगळं आहे, पण चहात साखर घातली तरी हा 'कोणत्या बाजूने ढवळलीस?' विचारेल.

"तुझी ही चार नंबरची सेवा दहातल्या आठ वेळा निवडून येते. ती सांगते तरी काय?"

"पाच मिलिसेकंदांत उत्तर देते."

"अगं, पण काय उत्तर देते?"

ते मी कधी उघडलंच नव्हतं. आमच्या लॅबची शिस्तच तशी, लॅबप्रमुख सरांनी घालून दिलेली: उत्तर किती वेळात आलं ते टिपायचं, आत काय आहे ते बघत बसायचं नाही. आता उघडलं. 'ही सेवा बंद झाली आहे.' पुढचं उघडलं. तेच. लाखभर उत्तरं, सगळी तीच. बाकीच्या सेवा बिचाऱ्या खरोखर हवामान शोधत होत्या, म्हणून मागे पडल्या. हिला फक्त नाही म्हणायचं होतं. आणि हिच्या चपळाईवर मी आठ पानं लिहिली होती!

आधी शंकासुराला बदडावंसं वाटलं, मग स्वतःला.

आईला फोन केला. "कुणाला कळलंय का? नाही ना? मग कशाला हात दाखवून अवलक्षण?" दर सहा महिन्यांनी संपणाऱ्या माझ्या करारांना ती कंटाळली आहे. मीही. पण खोटं ते खोटं. पेपर मागे घेण्याचं पत्र लिहून मी सरांकडे गेले.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "मुलाखत होऊ दे, मग बघू. उत्तरं कुणी उघडून बघत नाही गं."

"तुम्ही तरी बघितली होती का, सर? तुमच्या प्रबंधाच्या वेळी?"

रागात बोलून गेले. माझ्या तोंडाला कुलूप नाही. त्या प्रबंधावर सरांचं नाव झालं होतं, लॅब उभी राहिली होती.

"नाही," ते म्हणाले. "मीही फक्त वेळच मोजला."

मग त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "पद्धत माझी होती, असं वर लिही. खाली माझीही सही घे."

पत्र गेलं. शुक्रवारची जागा दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन मी ढसाढसा रडले.

सोमवारी लॅबमध्ये पोचले तर सर माझ्याआधी आलेले. प्रबंधाच्या वेळची जुनी डिस्क लावून एकेक उत्तर उघडत होते.

"तीनशे झाली," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "निम्म्याहून जास्त नकारच आहेत."