रिपोर्ट चांगला आल्यावर

पुस्तकं बांधायचं काम करायचे म्हणून सगळे त्यांना बाइंडरच म्हणत. पंचेचाळिशीत रक्तदानाला गेले आणि हेपॅटायटिस बी निघाला. यकृतावर सूज होती. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी सुरू केली. "बहुतेक जन्माच्या वेळी आईकडून आला असेल. बहिणीलाही तपासून घ्या."

ताईनं ते उडवूनच लावलं. "मला काय धाड भरलीय?"

तीन वर्षं बाइंडरांनी गोळी चुकवली नाही. मग एका तपासणीत रक्तात विषाणू सापडलाच नाही. आपण बरे झालो, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बायको रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची, ते ती दुकानातल्या कातरणांत टाकून द्यायचे.

चार महिन्यांनी शिवण घालताना हात गळून जायला लागले. जेवण नकोसं झालं. एका दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोनं त्यांना दारातल्या उजेडात नेलं.

"डोळे पिवळे झालेत. गोळी घेताय ना?"

ते खळीचा ब्रश पुसत राहिले.

"कधीपासून बंद आहे?"

"रिपोर्ट चांगला आला तेव्हापासून."

शटर तिनंच ओढलं. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "मला सांगायचं तरी होतंत."

ते मात्र त्यांना फार लागलं.

दवाखान्यात अकरा दिवस गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "विषाणू गेला नव्हता, गोळीनं दबून होता. थोडक्यात निभावलं. आता मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही." गोळी पुन्हा सुरू झाली आणि कावीळ हळूहळू उतरली.

ताई तिसऱ्या दिवशी भेटायला आली होती. भावाच्या पिवळ्या तळव्याकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "माझं रक्त कुठे द्यायचं?"

तिच्यातही विषाणू निघाला, पण थोडा. यकृत ठणठणीत होतं. सध्या औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासणी पुरे, असं ठरलं.

"तुला गोळी आणि मला नुसत्या सुया?" ताई कुरकुरली.

"धाकट्याचे लाड होतातच," बाइंडर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तिनं आपल्या दोन्ही मुलींना तपासायला नेलं. त्यांच्यात विषाणू नव्हता. दोघींना लस टोचून घेऊन ताई घरी आली आणि दुपारभर शांत झोपली.