दोन दिवसांचा विसावा

या, जवळ सरका. ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. एका बाईवर असा प्रसंग आला होता की तिनं तोंड उघडलं तर देशाची आघाडी जाणार, आणि मिटलं तर परक्या आईच्या लेकीचा जीव. विचार करायला वेळ किती? चाकानं वेग घ्यावा, एवढाच. ऐका तर मग.

तिला सगळे निवांता म्हणत. खरं नाव हजेरीपटावरच काय ते उरलं होतं. मोठ्या दुर्बिणींची काच जिथे ओतली जाई, त्या कारखान्यात ती निववणीचं काम बघायची. म्हणजे ओतलेली तापलेली काच भट्टीत हळूहळू थंड करायची. ताटाएवढी, तीन बोटं जाड चकती, पण निवायला वीस दिवस. "हिला आग लागली तरी ही आधी उष्णतेचा काटा बघून वहीत लिहील, मग पळेल," असं काचेची कड घासणारा चाकवाला म्हणायचा. त्यावरून हे नाव पडलं.

तशी काच जगात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. गुपित केवढंसं! निवता निवता काच एका ठरावीक उष्णतेला आली की भट्टी तिथंच दोन दिवस धरून ठेवायची. ह्याला ते विसावा म्हणत. विसावा चुकला तर चकती दिसायला देखणीच निघे, पण पोटात ताण घेऊन. कड घासायला चाकाला लावली की फुटायची, आणि तुकडे थेट गळ्याच्या उंचीला उडायचे.

काचेच्या ह्या शर्यतीत दुसऱ्या नंबरवर जो देश होता, त्याच्याकडे दुधासारखी स्वच्छ वाळू होती. करार झाला: वाळू तुमची, विद्या आमची. तिकडून एक पाहुणी शिकायला आली. पोर निवांताच्या लेकीच्या वयाची, बोलणं मोडकंतोडकं, पण नजर चोख. चार दिवसांत ती निवांताला मावशी म्हणू लागली.

कारखान्याचा प्रमुख म्हणजे निवांताचा सख्खा थोरला भाऊ. दादानं तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सगळं शिकव. विसावा तेवढा वगळून."

"मग काच फुटेल, दादा."

"तिकडे जाऊन फुटेल. त्यांना वाटेल, आपलाच हात वाईट."

"फुटेल तेव्हा समोर कुणीतरी उभं असेल ना?"

दादानं तोंड खिडकीकडे फिरवलं. "आपल्या चारशे चुली ह्या दोन दिवसांवर पेटतात गं. ते शिकले की आपण मागे पडलो. मग घरोघरी जाऊन तू सांगशील, उद्यापासून येऊ नका म्हणून?"

दादा भ्याला होता, आणि त्याची भीती काही खोटी नव्हती. त्या चारशेंत निवांताचा जावईही होता. ज्या दिवशी काटा विसाव्याच्या आकड्याला आला, त्या दिवशी तिचा हात सवयीनं भट्टीच्या खटक्याकडे गेला. तो तिनं खिशात कोंबला आणि काटा खाली जाऊ दिला. शेजारी पाहुणी मन लावून आकडे उतरवून घेत होती.

वीस दिवस भरल्यावर चकती बाहेर आली. निवांतानं ती दोन काळ्या काचांच्या मधे धरून पाहिली. ताण असला की तिथे रंगीत पट्टे उमटतात. मोरपिसासारखे पट्टे उमटले होते. तिनं डोळे मिटले आणि देवाला म्हणाली, एवढी चकती सुखरूप तिकडे न्यायच्या खोक्यात जाऊ दे. मग तिची तिलाच लाज वाटली. खोक्यातून ती पुढे कुठे जाणार होती?

खोकं तयार होतं. तेवढ्यात पाहुणी म्हणाली, "कड मी घासते. माझ्या हातची न्यायची."

चाकवाला खूश झाला. "घास की! पण चाक म्हणजे सासू, बरं का. एकदम अंगावर जायचं नाही." त्यानं खटका दाबला. चाकाचा पट्टा कण्हत फिरू लागला.

दादा दारातच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आज नको," तो घाईनं म्हणाला. "चाक बिघडलंय."

"बिघडलंय?" चाकवाला उसळला. "सकाळीच तेल पाजलंय त्याला! तीस वर्षांत माझ्या चाकाला कुणी नावं ठेवली नाहीत, साहेब. बघा, कसं लोण्यासारखं फिरतंय!"

पाहुणी हसली. डोळ्यांवर जाड चष्मा, पण गळा उघडा, मनगटं उघडी. तिनं चकती उचलली. निवांतानं दादाकडे पाहिलं. दादा दाराची चौकट धरून उभाच राहिला. चाकाचा आवाज बारीक होत होत सुरात आला.

आणि निवांता धावली. तिला धावताना त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलं नव्हतं. खटक्यावर मूठ आपटून तिनं चकतीखाली आपले हात घातले. "हलू नकोस, बाळ." अशी चकती कधी कधी नुसत्या तळव्याच्या उबेनंही फुटते. दोघी एकेक पाऊल टाकत, श्वास धरून, मेजावरच्या जाड कापडापर्यंत गेल्या. चकती टेकवली. फुटली नाही.

मग निवांतानं काळ्या काचा पाहुणीच्या हातात दिल्या. पोरीनं पाहिलं. तिला ते रंगीत पट्टे दिसले.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"काय राहिलं?"

"निवांता!" दादा ओरडला.

"दोन दिवस थांबायचं राहिलं," निवांता म्हणाली, आणि तिनं आकडाही सांगितला.

सगळे गेल्यावर दादा म्हणाला, "अख्ख्या देशाची आघाडी दान केलीस आज."

"अठरा वर्षांपूर्वी भट्टीचा खटका अडकला म्हणून हा विसावा आपल्याला सापडला, दादा. त्यानंतर आपण नवीन काय काढलं? कुलपं तेवढी बदलत राहिलो."

"नवीन निघेपर्यंत लोकांनी काय खायचं?"



चार वर्षांत तिकडची काच आपल्या तोडीची झाली. आपल्या पाचांतल्या दोन भट्ट्या विझल्या, आणि चौकशी बसली. गुपित कुणी दिलं? दादा उभा राहिला आणि म्हणाला, "मी." खुर्ची गेली. त्या भट्ट्यांवर ज्यांच्या चुली चालत, त्या घरची माणसं त्याला वाटेत शिव्या देत, तो खाली मान घालून ऐकून घेई. चाकवाला खरं सांगायला निघाला, तर दादानं त्याला दम भरला, "तू आपलं चाक सांभाळ." निवांता रडली, भांडली, पण तिलाही त्यानं बोलू दिलं नाही.

आता त्यानं घरामागच्या पडवीत एक छोटी भट्टी मांडली आहे. परवा तो रुमालात काहीतरी बांधून बहिणीकडे आला.

"निराळीच वाळू मिसळून पाहिली. का गढूळ होतंय, बघ बरं."

निवांतानं तुकडा उजेडात धरला. "घाई केलीस, दादा."

"मग शिकव की," तो म्हणाला.

देश पुढे राहिला का, असं विचाराल, तर ते अजून त्या गढूळ काचेत आहे, कुणालाच दिसलेलं नाही. निवांताची काळजी मला नाही, धावलेलं माणूस लोकांच्या ध्यानात राहतं. तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा तिच्या दादाची आठवण काढा. जन्मभर भ्यालेला माणूस तो, पण वेळ आली तेव्हा "मी" म्हणाला.