पुढच्या चाकाचा हब

चष्मेवाल्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की शिरली. बावन्नाव्या वर्षी शिरली ती जुनी फोर बाय फोर गाडी. "सगळ्या गावाची नजर तपासता आणि स्वतः डोळे मिटून हा खटारा घेता!" बायको म्हणाली. पण म्हणताना खळखळून हसली. मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. चष्मेवाल्याला तेवढंच हवं होतं, त्याने त्याच दिवशी व्यवहार करून टाकला.

विकणारा म्हातारा जमिनीचा निवृत्त मोजणीदार होता. किल्ली देताना म्हणाला, "बाकी काय वाटेल ते बदला. पुढचे हब मात्र आधी काढा, आणि कायम जोडलेले राहतील असे बसवा."

आता हब म्हणजे काय, तर या जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक चकती असते. ती हाताने फिरवून लावली की पुढची चाकंही गाडी ओढायला लागतात. अडचण एवढीच की फिरवायला कुणालातरी खाली उतरावं लागतं.

गॅरेजवाल्याला सगळे 'होईल' म्हणायचे, कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. गाडी चार बोटं उचलायची? होईल. रुंद टायर? होईल. पाण्यात इंजिनला श्वास घेता यावा म्हणून छतापर्यंत पाइप? होईल. हबचं नाव काढल्यावर मात्र तो उखडला. "हे हब काढायचे? अहो, सोनं आहे सोनं! हल्ली मिळतात का असे?" चष्मेवाल्यालाही ते पटलं. महिनाभर बायको गॅरेजमध्ये स्टुलावर बसून दोघांना सूचना देत होती, आणि तिच्या सूचना बऱ्याचदा बरोबर निघत होत्या.

पहिल्याच फेरीत चढणीवर चिखल लागला. "उतर गं, हब लाव," स्टिअरिंगवरचा हात न काढता चष्मेवाला म्हणाला. बायको उतरली आणि लगेच परत आली.

"लागलेलेच आहेत की."

'होईल' ते सोडवायला विसरला असेल, असं समजून त्याने घरी येऊन स्वतः दोन्ही हब सोडवले. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीतही तेच. होईलला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "असं होणार नाही." हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

चौथ्या वेळी सगळीकडे नुसती धूळ होती, टिपूस पाणी नव्हतं. पुढे भुसभुशीत वाळूचा पट्टा होता, म्हणून बायको उतरली, वाकली आणि किंचाळली. परत आली तेव्हा तिचे दात वाजत होते.

"तिथे हात होता," ती म्हणाली. "बाईचा. ओला, गारेगार. मी हब धरायच्या आधीच तिने धरला होता."

तिच्या खांद्यावर ब्लाउज भिजला होता. पाच बोटं मोजता येत होती.

"मी या गाडीत पुन्हा बसणार नाही," बायको म्हणाली, आणि त्या दिवसापासून घरात बोलणं जेवणापुरतं उरलं. जिच्यासाठी गाडी घेतली तीच खिडकीशी बसून राहू लागली. गाडी गेली खड्ड्यात, पण हे असं पुन्हा मुकं घर? चष्मेवाल्याला ते सहन होईना. तो तणतणत मोजणीदाराच्या घरी गेला.

"गाडीत कोण आहे?"

म्हाताऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. तो खुर्चीत खचलाच. "लागलेले असतात का हब? मग ती अजून उतरतेय," तो म्हणाला. "माझी बायको. मोजणीला जाताना सोबत यायची. मी कायम गाडीतच बसून राहायचो आणि उतरायची ती. हब पाण्यात शिरायच्या आधी लावायचे, हे शेंबड्या पोरालाही कळतं हो! त्या दिवशी मला घाई झाली होती. म्हटलं, जाईल तशीच. ओढ्यात अर्ध्यावर गाडी रुतली. मी तिला म्हटलं, उतर, लाव. ती उतरली. वरून लोंढा आला. उतर म्हणायला एक शब्द लागतो. मीच उतरतो म्हणायलाही दोनच लागले असते."

चष्मेवाल्याला आपलंच 'उतर गं, हब लाव' आठवलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिने मला ढकललं होतं. पण दाराकडे, आत. मी घाबरले आणि उगाच तिला वाईट समजले. चला, त्या म्हाताऱ्यांना घेऊन ओढ्यावर जाऊ."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिघं ओढ्यावर पोहोचले. पाणी गुडघाभर होतं. चालकाशेजारची सीट रिकामी ठेवून बायको मागे म्हाताऱ्याजवळ बसली होती. गाडी काठावर थांबली, आणि कुणी हात न लावता पुढचं डावं दार कुरकुरत उघडलं.

"थांब," म्हातारा ओरडला. "तू बस. मी उतरतो."

तो कसाबसा खाली आला. चाकाजवळ वाकून त्याने हात पुढे केला. या वेळी हब सुटलेला होता. तो त्याला स्वतः फिरवावा लागला. जोर लावताना त्याची मान लटलटत होती. मग तो वळसा घालून गेला आणि त्याने दुसराही लावला. परत येऊन त्याने ते डावं दार हलक्या हाताने बंद केलं.

"तुम्ही न्या तिला पलीकडे," तो म्हणाला. "आम्ही अर्ध्यावरच राहिलो होतो. मी इथेच थांबतो."

चष्मेवाल्याने गाडी पाण्यात घातली. शेजारची सीट दबली होती, हे त्याला न बघताही कळत होतं. ओल्या कपड्यांचा वास येत होता. ओढा पार करायला मिनिटभरही लागलं नाही, पण त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला.

पलीकडच्या कोरड्या खडीवर तो थांबला. डावं दार उघडलं. खडीवर ओली पावलं उमटली, चार, पाच, सहा. मग उमटायची थांबली.

"उतरली का?" अलीकडच्या काठावरून म्हाताऱ्याचा आवाज आला.

"उतरल्या!" बायको मागच्या खिडकीतून ओरडली. "कोरड्यात उतरल्या हो!"

म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

मागचं दार वाजलं. बायको पुढे आली आणि त्याच्या शेजारी, त्या भिजलेल्या सीटवर बसली.

"चला," ती म्हणाली, "त्यांना घेऊन येऊ."