पॅकेज होईस्तोवर

"आता तेवढा पासवर्ड टाक. शेवटचा," हरिओम म्हणाला आणि खुर्ची सरकवून त्यानं ज्ञानेश्वरीला जागा करून दिली.

तिनं पिठाचे हात पदराला पुसले, वाकली आणि कीबोर्डकडं न बघताच पासवर्ड टाकला. हरिओमनं एंटर दाबलं. काळ्या स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. त्या जुन्या खटाऱ्यानं आपला आपणच सोर्स कोड उतरवून घेतला, सोडवला, त्यात हरिओमच्या दुरुस्त्या बसवल्या आणि पॅकेज बांधायला घेतलं. हरिओम हाताची घडी घालून उभा राहिला, लग्नातल्या आचाऱ्यानं पहिली पंगत बघावी तसा.

"बघा बरं, मी हात तरी लावलाय का?" तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "आता नवीन व्हर्जन आलं की ह्याचं ह्यालाच कळणार. हेच बांधणार, हेच तपासणार, सही करून पाठवून देणार. लाईट गेली आन् परत आली तरी परत आपोआप सुरू. काई बदलायचं झालं तर मी पुण्यातनंच बदलीन. कुणी बसायची गरज न्हाई."

"लय बरं केलंस बाबा," कॉटवरून त्याची आई पार्वतीबाई म्हणाल्या. "पोरीचा जीव खाल्ला व्हता त्या डब्यानं."

"मंजी मला काईच करायचं न्हाई?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"काईच न्हाई!"

त्याला वाटलं, आता ही हसेल. निदान सासूबाईंच्या नकळत एकदा डोळे तरी मिचकावेल. पण चुलीवरची भाकरी करपायचा वास आला आणि ती आत गेली.

हरिओम पुण्यात एका कंपनीत नोकरीला होता. पण त्याचा खरा जीव अडकला होता तो जुन्या संगणकांसाठीच्या एका लिनक्समध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका फुकटच्या प्रणालीत. जगभरातले चार हौशी लोक मिळून ते चालवायचे. भंगारात जायच्या लायकीच्या यंत्रावर सुद्धा ते तुरुतुरु चालायचं. त्यातली काही पॅकेजेस हरिओमच्या वाट्याला होती. पॅकेज म्हणजे काय, तर एकानं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर बिनबोभाट बसावा म्हणून बांधलेलं गाठोडं. कुणाचा शब्दकोश, कुणाचा मुलांचा गणिताचा खेळ. मूळ प्रोग्राम बदलला की गाठोडं नव्यानं बांधायचं. आणि ते बांधायचं जुन्याच यंत्रावर, कारण चालणार तिथं. तसं यंत्र पुण्याच्या खोलीत सहा जणांच्या गर्दीत ठेवणार कुठं? ते राहिलं पालमजवळच्या त्याच्या गावी, समोरच्या खोलीत, खिडकीपाशी.

ज्ञानेश्वरीही तिथंच राहिली. लग्न झाल्यावर महिन्याभरात ती पुण्याला जायची होती. तेवढ्यात पार्वतीबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. "जरा चालायला लागू द्या आत्याबाईंना," असं ज्ञानेश्वरी स्वतःच म्हणाली. त्या वॉकर धरून चालायला लागल्या, पण तिचं जाणं काही झालं नाही. मग हरिओम फोनवरून सांगायचा आणि ती टाइप करायची. बीए झालेली पोरगी, आठवड्याभरात तयार झाली. दुरुस्त्या लावायच्या, बांधायला टाकायचं, झालं की उघडून बघायचं, सही करायची, पाठवायचं. बांधायला त्या यंत्राला चांगला तासभर लागायचा. तोवर दोघांनाही दुसरं काम नसायचं.

त्या घरात सून सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी फोनवर बोलत बसायची नाही. कुणी मनाई केली नव्हती, पण बसायची नाही. नवऱ्याचा फोन आला की तो स्पीकरवर सगळ्यांच्या हातून फिरायचा आणि शेवटी तिच्या वाट्याला "जेवलाव का?" एवढंच उरायचं. रेंज म्हणाल तर त्याच खिडकीपाशी आणि खिडकीला लागूनच पार्वतीबाईंची कॉट. मेसेज असायचे म्हणा, पण मेसेजात माणूस किती मावणार? कामाचं मात्र वेगळं होतं. काम चालू असलं की पार्वतीबाई स्वतः टीव्हीचा आवाज बारीक करायच्या आणि नवऱ्याला, बन्सीधररावांना, दटावायच्या, "खोकू नका हो, तिचं चालू हाय!"

आणि तिचं चालू असायचं.

"वॉर्निंग आलीय एक," ती मोठ्यानं म्हणायची. मग बारीक आवाजात, "काल तुमी सपनात आलते." परत मोठ्यानं, "पिवळी हाय, चालतंय का?"

"चालतंय. सपनात काय केलं मी?"

"लिंकिंग व्हायलंय... सांगन नंतर."

त्या तासाभरात त्याला कळलं की तिला विजेची भीती वाटते, शेपूभाजी अजिबात आवडत नाही आणि वालूरच्या माहेरची चिंच आठवली की अजून रडू येतं. तिला कळलं की तो पहिल्या पगाराच्या दिवशी खोलीत एकटाच बसून रडला होता. "आज काई नवीन आलंय का?" असं तीच दुपारी मेसेज करून विचारायची. हरिओमला वाटायचं, वा, हिला लिनक्सची गोडी लागली!

गोडी लागली म्हणावं, तर कधी कधी ती वैतागायची सुद्धा. "लय कटकट हाय बाई ह्याची," असं ती खुर्चीतून उठता उठता म्हणायची, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. हरिओमनं ते मनावर घेतलं. इंजिनियर माणूस तो. एक काम दुसऱ्यांदा हातानं करावं लागलं तरी त्याला चैन पडायचं नाही. इथं तर बायकोच दमत होती. त्यानं चार महिने सुट्टीच्या दिवशी खपून सगळ्या पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये ओवल्या आणि दिवाळीला गावी येऊन ओवाळणी घालावी तशी ती तिच्यापुढं ठेवली.

दिवाळी आटोपून तो पुण्याला परतला. मेल यायला लागले, पॅकेज तयार, पॅकेज तयार. एकदाही चूक झाली नाही. तो खूश होता. फोन तेवढे आखडत चालले होते.

"बोल की अजून काई," तो म्हणायचा.

"बोलले की. ठेवते, आत्याबाई हायत इथं."

त्याला आधी वाटलं, रुसली. मग वाटलं, दमत असेल. माघ उजाडला तरी हेच. एकदा त्यानं मुद्दाम बोलणं लांबवलं, तेव्हा पलीकडून आईचाच आवाज आला. आवाजात राग नव्हता, साधं कुतूहल होतं.

"काय गं, इतकं काय बोलायचं असतंय? काम तर बंद झालंय ना?"

ज्ञानेश्वरीनं फोन ठेवला. हरिओम तसाच उभा राहिला. "लय कटकट हाय बाई" हे ती कुणाला ऐकवत होती, ते त्याच्या टाळक्यात आत्ता शिरलं. अरे गाढवा, तो स्वतःलाच म्हणाला. ती आपल्या दोघांसाठी आडोसा धरून उभी होती आणि तू तोच काढून घेतलास, वर बक्षीस दिल्यासारखा हसलास!

दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्यातूनच स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. चालणारी गोष्ट मुद्दाम मोडायची त्याची ही पहिलीच वेळ होती. स्क्रिप्ट दुरुस्त्या लावायच्या पायरीवर अडकून पडली. मग त्यानं घरी फोन लावला आणि स्पीकरवर जाहीर केलं, "आई, ते मशीन अडायलंय. ज्ञानेश्वरीला परत बसावं लागंल."

"आता कवा बसंल रे ती?" पार्वतीबाई म्हणाल्या. "तिला संध्याकाळी येळ मिळायला लागला म्हणून तर तुझ्या बापानं दुसरी म्हैस घेतली. दूध डेअरीला घालायलोत की आता."

दुसरी म्हैस घेतल्याचं हरिओमला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी म्हैस म्हणजे ज्ञानेश्वरीचं पुण्याला येणं आणखी लांबलं, एवढं कळायला इंजिनियर असावं लागत नाही.

"बसते मी," मागून तिचा आवाज आला. घाईघाईनं आला. "जेवणं झाल्यावर बसते. सांगा त्येंना."

जेवणं झाल्यावर ती बसली. तिनं स्पीकर बारीक केला आणि फोन यंत्राशेजारी टेकवला, तो टेकवल्याचा आवाज त्याला ओळखीचा होता.

"हां, सांगा."

त्यानं एकेक आज्ञा सांगितली, तिनं टाइप केली. ती काहीच विसरली नव्हती. तो सांगून संपायच्या आधी तिचं टाइप होत होतं.

"दुरुस्त्या लागल्या," ती मोठ्यानं म्हणाली. मग बारीक आवाजात, "तुमीच मोडलं ना?"

"हां."

ती हसली. कितीतरी दिवसांनी त्यानं ते हसू ऐकलं.

"टाकू बांधायला?"

"टाक."

यंत्राचा पंखा घरघरायला लागला. हाच तो तास. सांगायचं कितीतरी साठलं होतं, कुठून सुरू करावं तेच त्याला कळेना.

"ज्ञाने, चुकलं माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला खरंच कटाळा आलाय. तू तसं का म्हणायचीस, ते मला आत्ता कळलं. मी आईला सांगतो सरळ. म्हशीचं बी काय ते बघू. तू ये इकडं, मी खोली बघतो. ऐकायलीस का?"

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"ज्ञाने?"

पंख्याच्या घरघरीखाली दुसरा एक आवाज होता. त्याला तो ओळखायला थोडा वेळ लागला. संथ, जड श्वास. ती झोपली होती. त्याचं बोलणं तिनं कुठवर ऐकलं होतं, कोण जाणे. हाक मारून तिला उठवावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याला तसं करवेना.

मग वॉकर सरकल्याचा आवाज आला आणि कुणीतरी फोन उचलला.

"हरी, झोपली रे पोरगी," पार्वतीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "बसल्या बसल्याच. पहाटपासून उभी हाय. दोन म्हशी, घरचं समदं, माझं उठणं-बसणं. आन् वरून तुझं हे. मधी ते आपोआप होत व्हतं ना रे?"

"होत होतं, आई."

"मंग नीट कर की लेकरा ते. तिला नको बसवू आता."

"बरं," हरिओम म्हणाला.

फोन बंद झाला. त्यानं लॅपटॉप उघडला, ती ओळ होती तशी केली आणि पुण्यातूनच काम पुन्हा सुरू करून दिलं. पॅकेज व्हायला नेहमीसारखाच तासभर लागला. तेवढा वेळ तो फोन हातात धरून बसून राहिला, आणि मग मेल आला, पॅकेज तयार.