सहा जणांची हाजिरी

सोनपांगऱ्यात सोनं निघालं ते जेमतेम पाच वर्षं, पण त्याच्या गप्पा अजून निघतात. औंढ्याहून येणारी एसटी फाट्यावर थांबली की कंडक्टर आजही 'खाण, खाण' असंच ओरडतो. उतरणाऱ्याला दिसते दगडमातीनं बुजवलेली खाण, तिच्यावर माजलेली वेडी बाभळ आणि रस्त्यापलीकडे 'साप्ताहिक सुवर्णवार्ता'ची पाटी. खाण बंद पडली, पेपर टिकला. संपादक साधनाला याचा कोण अभिमान!

तिचे आजोबा वैजनाथआबा यांनी पेपर काढला तो खाणीच्याच जोरावर. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून यंदा खास अंक निघणार होता आणि त्यात पेपरचा इतिहास साधना स्वतः लिहीत होती. छपाई आता नांदेडला व्हायची. कोपऱ्यातलं, पायानं मारायचं जुनं ट्रेडल मशीन नुसतं पुसून ठेवलेलं. आबांचा एक नियम मात्र तिनं मोडला नव्हता: माणसाचं नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय छापायचं नाही. नाव चुकलं की माणूस दुखावतो, असं आबा म्हणत. म्हातारपणी तर रोज दुपारी दोन वाजता खुर्चीत बसून ते तीच सहा नावं वाचायचे आणि प्रत्येक नावानंतर मान कलती करून थांबायचे. लहान साधनाला ती पोथी वाटायची.

इतिहासाची बातमी पसरली आणि हट्ट्याहून चतुराबाई आल्या. वय सत्त्याहत्तर, हातात काठी, बोलणं सरळ.

"ताई, त्यात माझ्या बाचं लिहिणार हाव का तुमी?"

"कोण तुमचे वडील, मावशी?"

"दगडोबा. सोनं घेऊन पळालेला. तुमच्याच आज्यानं छापलंय."

ते खरं होतं. साधनानं त्रेपन्न सालच्या वैशाखातला अंक काढला. त्या काळी पाळी सुटली की खाणीच्या तोंडाशी मुकादम नावं पुकारायचा, वर आलेले मजूर 'हाजीर' म्हणायचे आणि आबा ती यादी छापायचे. त्या अंकात पहिल्याच पानावर बातमी होती: सहा मजूर हाजिरी देऊन वर आले व सोन्यासह फरार झाले.

"माय मरेस्तोवर कुंकू लावून ऱ्हायली," चतुराबाई म्हणाल्या. "मला सोयरीक आली की लोक म्हनायचे, चोराची पोरगी. बा पळाला न्हाई, ताई. खाली दरड पडली, साऱ्या गावानं आवाज ऐकला. त्यो वर आलाच न्हाई. तेवढं छापा. मग मी मरायला मोकळी."

साधनाला कणव आली, आणि रागही आला. आबांना खोटं ठरवणारी ही कोण? म्हातारीचं तोंड बंद करायलाच तिनं संध्याकाळी आबांची जुनी टिपणवही शोधून काढली. दरड पडली त्या तारखेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'दोनचा भोंगा झाला. सहा नावं पुकारली. कोणी ओ दिली नाही. खालून ठोकल्याचा आवाज येतो.' आणि त्याखाली: 'मॅनेजरसाहेब म्हणतात, सगळे वर आले असं छापा. कंपनी खोदणार नाही. त्यांनी आपल्याला देऊ केलेलं ट्रेडल सोमवारी पोचतंय.'

म्हातारी खरं बोलत होती. पण ते लिहायला साधनाचा हात धजेना. याच आबांनी तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. मग तिनं पेपरवाले करतात तेच केलं. एक छोटी चौकट लावली: 'सहा मजूर नजरचुकीने हजर दाखवले गेले. प्रत्यक्षात ते खाणीत मरण पावले. दिलगीर आहोत.' चतुराबाई गावातच भाचीकडे उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला साधनानं त्यांना बोलावलं, चौकट वाचून दाखवली आणि नियमाप्रमाणे तिच्याखालची सहा नावं वाचायला घेतली.

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"रामजी वल्द किसन."

"हाजीर."

आवाज मशीनमागून आला, घशात माती गेल्यासारखा. साधना उठली, मागे डोकावली. कोणी नव्हतं. भिंतीवर मात्र ओल्या लाल मातीचा पंजा उमटला होता. आबा मान कलती करून काय ऐकायचे, ते तिला आत्ता कळलं. थांबायचीही भीती वाटली म्हणून ती वाचत गेली. माऊली. प्रेमसिंग. शंकरसिंग. धर्मसिंग. एकेकजण ओ देत गेला.

"दगडोबा वल्द सटवा."

"हाजीर."

चतुराबाईंच्या हातातली काठी पडली. "बा," त्या म्हणाल्या. मग साधनाकडे वळल्या. "अजून पाळीवरच उभे हायेत, पोरी. नजर चुकली म्हनतीस? साऱ्या गावाला आवाज आला, तुझ्या आज्यालाच काहून आला न्हाई?"

साधनानं टिपणवही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं.

"खालून ठोकत होते?"

"हो, मावशी."

"किती दिवस?"

साधनानं पानं उलटली. 'आवाज येतो' असं चार दिवस लिहिलेलं होतं. पाचवं पान कोरं.

"चार," ती म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

चौकट गेली. अख्खं पहिलं पान नव्यानं लागलं. सहाही जण खाणीत जिवंत अडकले होते, ते चोर नव्हते, आणि हे माहीत असून पेपरानं खोटी हाजिरी छापली, असं साधनानं स्पष्ट लिहिलं. खाली, मन घट्ट करून, आबांचं पूर्ण नाव घातलं. त्या दिवशी मात्र तिला काही मोठ्यानं वाचवलं नाही. पहिल्यांदाच नियम मोडून तिनं पान तसंच नांदेडला पाठवलं.

गुरुवारी अंक छापून आला. दोन वाजता चतुराबाई समोर बसल्या आणि साधनानं छापील पानावरून वाचायला सुरुवात केली. रामजी. कोणी बोललं नाही. माऊली. प्रेमसिंग. शंकरसिंग. धर्मसिंग. नुसता पंख्याचा आवाज. दगडोबाचं नाव तिनं दोनदा वाचलं.

"गेला," चतुराबाई म्हणाल्या, आणि पाच वर्षांच्या लेकरानं रडावं तशा मोकळ्या रडल्या. साधनाच्याही डोळ्यांना धार लागली. मोडलेला नियम तरी पुरा करावा म्हणून तिनं शेवटची ओळ वाचली.

"खोटी हाजिरी छापणारे संपादक, वैजनाथ वल्द गोविंद."

"हाजीर."

या वेळी आवाज मशीनमागून आला नाही. आबांच्या रिकाम्या खुर्चीतून आला. तो आवाज साधनानं कुठंही ओळखला असता.

चतुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं, काठी उचलली. "एवढ्या वर्षांनी का व्हईना, त्यानं हाजिरी तर दिली," त्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. "आता त्याचं नाव तू घेत जा." आणि उन्हात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता साधना खुर्चीसमोर बसली. तिनं एकच नाव वाचलं आणि मान कलती करून थांबली.