एकशे बारा ते एकशे नव्वद

राक्षसाला पित्ताचा त्रास होता. माणूस खाल्ला की त्याला आंबट ढेकर यायचे, म्हणून त्याने माणसं खायचं सोडलं आणि राजवाड्याच्या हरवलं-सापडलं खात्यात कारकुनी धरली. तिथून सुरू झालेली ही पुस्तकांची मालिका बघता बघता सातव्या भागापर्यंत आली होती. ती लिहिणारी बाई पोटापाण्यासाठी कवळ्या बनवायची. "लोकांना हसवायचं तर आधी त्यांच्या तोंडात दात नकोत का?" असं म्हणायची, आणि दिवसभर मेणात दात बसवून संध्याकाळी राक्षस लिहायला घ्यायची.

आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत तिच्या सातव्या भागावर सभा होती. सभा कसली, पंचाईतच. दुसरी आवृत्ती काढायची होती आणि प्रकाशकाला तिच्यातली ऐंशीएक पानं उडवायची होती. बाईंच्या सहीशिवाय एक ओळही हलवता येत नव्हती, म्हणून हा सगळा घाट. वाचकांचं तोंडावर ऐकलं की बाई नरमतील, असा त्याचा हिशेब. सही केली नाही तर आठवा भाग छापणार नाही, हेही त्याने फोनवर गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. "घरी एखादी प्रत असेल तर घेऊन या. तिथल्या तिथे खुणा करून टाकू," म्हणाला.

बाईने प्रत आणली होती. कापडी पिशवीत, सुतळीने बांधलेली, तशीच्या तशी. सही करायला मात्र ती आली नव्हती, भांडायला आली होती.

पहिला उठला औषधांच्या दुकानातला काका. "आधीचे सहा भाग वाचताना मी इतका हसायचो, की गिऱ्हाइकांच्या हातात भलत्याच गोळ्या जायच्या," तो दुःखाने म्हणाला. "या वेळी एकही चूक झाली नाही हो."

मग शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. "चेटकिणीचा एकही मंत्र चुकत नाही या भागात. सुधारली की काय ती? सुधारलेली चेटकीण घेऊन आम्ही काय करायचं?"

खोली खदखदली. बाईच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

शेवटी उभी राहिली बसची कंडक्टर. दणकट बाई, आवाज मागच्या सीटपर्यंत जाणारा. तिने खिशातून तिकिटाच्या कागदाचा तुकडा काढला. "एकशे बारा ते एकशे नव्वद," ती म्हणाली. "राक्षस होडीत बसतो. बसतो तो बसूनच राहतो. नावाडी त्याला आपल्या आईच्या गोष्टी सांगतो, राक्षस हं हं करतो. अहो, ऐंशी पानं! माझ्या बसमध्ये कुणी एवढा वेळ बसला तर मी दंडाला धरून उतरवते. निदान कुणी पाण्यात तरी पडायचं होतं!"

"बरोबर! तेच म्हणतोय मी!" औषधवाला ओरडला.

प्रकाशकाने संमतीचा कागद हळूच टेबलावर पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "बघा बाई, मी एकटा म्हणत नाही."

आता मात्र बाईच्या डोक्यात तिडीक गेली. ती ताडकन उठली. "ती पानं माझ्या दादाने पास केलेली आहेत! त्याच्यापुढे तुमची काय मिजास?"

आता हा दादा कोण, ते सांगायला हवं. तिचा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा, घराच्या खालीच त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस हसण्याच्या बाबतीत महाकंजूष. पण तिचा प्रत्येक भाग छापायला जाण्याआधी त्याच्यापुढे वाचला जायचा. एक प्रत तिच्या हातात, दुसरी दादाच्या मांडीवर. जिथे हसू येईल तिथे तो समासात पेन्सिलीने बरोबरची खूण करायचा. तोंडाने एक शब्द नाही, हसलाच तर नाकातल्या नाकात. आणि नियम असा, की लागोपाठ तीन पानं खुणेवाचून गेली तर वाचन तिथेच बंद. "ऊठ. नीट लिहून आण," एवढंच तो म्हणायचा.

ती उठायची, पण अशी सुखासुखी नाही. कागद आपटायची, त्याला दगड म्हणायची, कवळ्यांच्या खोलीत जाऊन धाडकन दार लावून घ्यायची आणि दोन-दोन दिवस त्याच्याशी अबोला धरायची. तिसऱ्या दिवशी नवी पानं घेऊन फुरंगटून समोर येऊन बसायची. सहाव्या भागाच्या वेळी असं अकरा वेळा झालं होतं. सातव्याच्या वेळी एकदाही नाही.

सातव्याच्या वेळी दादा अंथरुणाला खिळला होता. ती रोज दुपारी त्याच्या उशाशी बसून वाचायची. मान वर करून बघायची सोय नव्हती, नाहीतर त्याचा ओढलेला चेहरा बघून वाचन तिथेच थांबलं असतं. पण पेन्सिलीची खर्र कानावर यायची आणि ती पुढे वाचायची. होडीचं सबंध प्रकरण तिने असं न थांबता वाचलं होतं. मनातून ती फुशारलीही होती. सात भाग लिहिल्यावर शेवटी जमलं म्हणायचं! भाग संपला आणि आठवड्याने दादा गेला. तिने आपल्या हातातली प्रत छापखान्यात दिली. त्याची प्रत तिने सुतळीने बांधली ती आजवर सोडली नव्हती.

"हा घ्या पुरावा!" म्हणत तिने सगळ्यांसमोर सुतळीची गाठ दातांनी सोडली आणि होडीचं प्रकरण काढलं. "मोजा खुणा!"

कंडक्टर पुढे आली, टेबलावर वाकली. बाईने पानं उलटली. एक पान कोरं. दुसरं कोरं. तिसऱ्यावर खूण, अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात. मग दोन कोरी. तिसऱ्यावर खूण, तिथेच, तळाशी. पुन्हा दोन कोरी, पुन्हा खूण.

बाईचा हात मंदावला. तिने मागे जाऊन पहिली प्रकरणं चाळली. तिथे खुणा वेड्यावाकड्या होत्या, कुठे एका पानावर दोन, कुठे वाक्याच्या शेजारी, कुठे शब्दाच्या डोक्यावर, खऱ्याखुऱ्या हसणाऱ्या माणसाच्या. होडी आली आणि खुणा एकसारख्या झाल्या. दर तिसऱ्या पानाला एक, घड्याळाच्या ठोक्यासारखी. एक तर नावाड्याची आई मरते त्या ओळीसमोर होती. एक पानाच्या आकड्यावर. पुढे पुढे त्या थरथरत गेल्या होत्या, पण एकही तिसरं पान चुकलं नव्हतं.

त्याला हसू आलंच नव्हतं. तो पानं मोजत होता. तिसरं पान कोरं गेलं असतं तर ती उठून गेली असती, दार लावून बसली असती, दोन दिवस आली नसती. आणि ते दोन दिवस दादाकडे नव्हते.

"काय झालं हो, ताई?" कंडक्टरने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

बाईने पदराने नाक पुसलं. मग म्हणाली, "तुमचं खरं आहे. ही पानं रटाळ आहेत."

प्रकाशकाचा चेहरा फुलला. त्याने पेन उचलून तिच्यापुढे धरलं.

"आणि यातलं एकसुद्धा पान निघणार नाही."

"बाई, अहो, आत्ताच तुम्ही म्हणालात..."

"म्हणाले. पुन्हा म्हणते. रटाळ आहेत, कंटाळवाणी आहेत, पाण्यात कुणी पडत नाही. मी उठून जाऊ नये, म्हणून भावाने खोट्या खुणा केल्या आणि त्या खुणांवर ही पानं छापली गेली. आयुष्यात एवढी एकच लबाडी केली त्याने. ती मी कापू? तुमच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी?"

"मग आठव्या भागाचं आमच्याकडून काही होणार नाही," प्रकाशक म्हणाला. आवाजातला गोडवा पार उडाला होता.

"नाही तर नाही! मी दात करीन आणि खाईन. राक्षस काही तुमच्या जिवावर जगत नाही." तिने संमतीचा कागद चार वेळा दुमडला आणि त्याच्या खिशात कोंबला. "आणि दुसरी आवृत्ती काढायची असेल तर अख्खी काढा, नाहीतर काढू नका."

कंडक्टर अजून त्या खुणांकडे बघत होती. "तरीपण रटाळ आहेत हो, ताई," ती चाचरत म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"आहेतच की! कुणाला उठून जायचंय त्यांनी खुशाल जावं, दार उघडं आहे." बाईने खुर्ची ओढली, ठाण मांडून बसली, चष्मा चढवला आणि दादाच्या प्रतीतलं होडीचं प्रकरण पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. राक्षस होडीत बसला. नावाड्याने वल्हं मारलं. औषधवाल्याने जांभई दिली. कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. प्रकाशकसुद्धा दाराशी घुटमळत राहिला.

एक पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या तळाशी, त्या खुणेपाशी, बाई सवयीने थांबली. कानात प्राण आणून तिने ऐकलं. खोलीत कुठेच खर्र झालं नाही.

तिने पान उलटलं आणि ती पुढे वाचू लागली.