नळाच्या तोंडाशी राहणारा

मी नळातला एक जीवाणू बोलतोय. दचकू नका, हात आखडू नका. पाण्याबरोबर मी कित्येकदा तुमच्या पोटात गेलो असेन, तुम्हाला साधी शिंकसुद्धा आली नाही. रंगाने फिकट गुलाबी, वाढायला संथ. माझी कुणी दखलच घेत नाही.

जन्माचं काय सांगू? आमच्यात एकाचे दोन होतात. आई नाही, भावंडं नाहीत. शेजारी बसलेला तोही मीच. स्वतःशी किती बोलणार? फार एकटं वाटतं हो.

माझा नळ एका शिंप्याच्या स्वयंपाकघरातला. त्याची बायको आजारी होती. औषधासाठी तिच्या छातीत बारीक नळी बसवली होती आणि नळीला इवलंसं टोपण. दर वेळी नवं टोपण लावा, असं दवाखान्यात बजावलं होतं. पण जुन्या सदऱ्याची बटणं काढून जपून ठेवणाऱ्या माणसाला धडधाकट टोपण फेकवेना. तो ते नळाखाली चोळून धुवायचा आणि पुन्हा लावायचा. त्या टोपणावर बसून मी तिच्या रक्तात शिरलो.

तिथे ऊब होती, मी रमलो. तिला मात्र ताप भरला, तो काही केल्या उतरेना. तिच्या जिवावर बेतलं होतं.

जंतू उगवतात का ते पाहायला प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिचं रक्त बशीत ठेवलं, तर तिथे गुलाबी ठिपके उगवले. "हा कसला आजार करतोय! बाहेरून पडला असेल," म्हणत त्यांनी बशी टाकून दिली. दुसऱ्या वेळीही मीच उगवलो, तेव्हा त्या चपापल्या आणि डॉक्टरांकडे धावल्या.

डॉक्टरांनी शिंप्याला विचारलं, "काका, टोपण दर वेळी नवं लावता ना?"

"नवं कशाला? नळाखाली मस्त धुतो की!"

"हा जंतू नळाच्या पाण्यातलाच आहे, काका," डॉक्टर म्हणाले. शिंप्याला उमगलं, तसा तो आपल्या हातांकडे पाहू लागला. "म्हणजे माझ्याच हाताने..."

"अहो, पुरे," बायको खाटेवरून म्हणाली. "तुमचा चिक्कूपणा मला काय आज कळतोय?"

नळी काढली, औषध बदललं. ताप उतरला आणि तिच्यातला मी संपलो. वाईट वाटलं, पण ती उठून बसली याचं बरंही वाटलं.

तिच्या रक्तातून आलेला मी आता उरलो तो या बशीत. बाई मला जंतू मारायच्या गरम वाफेच्या भांड्यात टाकायला निघाल्यात. जाता जाता त्यांनी बशी उजेडाकडे धरली. "रंग छान आहे रे तुझा," त्या म्हणाल्या. आजवर माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं.

त्या शिंप्याला कुणी टोचून बोलू नका, एवढंच मागणं. तुमच्यात निघताना 'येतो' म्हणतात, ठाऊक आहे मला. पण त्याच्या बायकोसाठी मी 'जातो' म्हणतो.